पावसाळ्यातली भूछत्रं आणि बारके जीव : नागपूर परिसर (फोटो टाका, पण खालूनही काढलेले!)

सागपान (धागाकर्ती)

मृग कोरडा गेला, पण आर्द्रा लागल्यापासून पावसानं कसर भरून काढली. तेव्हापासून गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरीकडे पायी फिरायला जाणाऱ्यांचे फोटो माझ्याकडे धो धो येताहेत. बहुतेक एकाच छापाचे. मधोमध पांढरी टोपी, उभ्याउभ्या वरून टिपलेली, मागचं सगळं धूसर, आणि खाली प्रश्न : "ताई, कोणतं हे?"

वरून काढलेल्या टोपीवरून नाव सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं. पांढऱ्या टोपीची भूछत्रं आपल्याकडे ढिगानं आहेत. त्यात खाण्याजोगी आहेत तशी दवाखाना दाखवणारीही आहेत. ओळख पटते ती टोपीच्या खाली. तिथे पडदे (पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ उभ्या पट्ट्या) आहेत की बारीक छिद्रं? पडदे दांड्याला चिकटलेत की सुटे आहेत? दांड्यावर कडं आहे का? दांडा जमिनीत शिरतो तिथे तो फुगलाय का, त्याभोवती फाटक्या पिशवीसारखं वेष्टन आहे का? हे दिसलं तर बोलता येतं. नाहीतर "छान आहे हो" एवढंच.

आणि एक गोष्ट कुणीच लिहीत नाही : ते उगवलं कशावर? जमिनीतून आलं की पुरलेल्या लाकडातून? शेणावर? जिवंत झाडाच्या बुंध्यावर? वारुळाजवळ? आपण ज्याला भूछत्र म्हणतो ते आंब्याच्या झाडावरच्या आंब्यासारखं, नुसतं फळ. खरा जीव धाग्यांच्या जाळ्याच्या रूपात माती-लाकडात पसरलेला असतो आणि तो काय खातो यावर त्याची अर्धी ओळख ठरते. म्हणून फोटोखाली "गोरेवाडा, सकाळ" एवढंच लिहू नका. "सागाचा कुजका ओंडका, साल निघालेली, सावलीत" असं लिहा. झाड ओळखता येत नसेल तर सालीचाही एक फोटो टाका, इथे झाडांची जाण असलेले पुष्कळ आहेत.

आपलं जंगल शुष्क पानझडी. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस. वर्षाचे सात-आठ महिने पाचोळा नुसता करकरतो. इथल्या बुरश्या त्या हिशेबानं जगतात. शिझोफायलम कम्यूनच घ्या. पडलेल्या फांदीवर नखाएवढे, राखाडी-पांढरे, केसाळ पंखे तुम्ही शंभरदा पाहिले असतील आणि पुढे गेला असाल. पुढच्या वेळी एक फांदी उचलून उलटी करा. खालचे पडदे लांबीत मधोमध चिरलेले दिसतील. हवा कोरडी झाली की त्या चिरांच्या कडा वळतात आणि बीजाणूंचा थर झाकून टाकतात. पाणी लागलं की पुन्हा उघडतात. महिनोन्‌महिने वाळून पडलेला पंखा भिजला की परत बीजाणू सोडायला लागतो. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात ही बुरशी आहे आणि तिच्यात जोडी जमवण्याचे २० हजारांहून जास्त प्रकार आहेत. नर-मादी या दोनच खणांत तिला बसवता येत नाही. हे सगळं फुटाळ्याच्या वाटेवर पडलेल्या काटकीवर, फुकट.

वेळेचं म्हणाल तर सकाळ. शेणावर, उकिरड्यावर येणारी शाईछत्रं पहाटे उभी असतात आणि ऊन चढेपर्यंत स्वतःच विरघळून काळं पाणी होतात. साडेदहाला निघणाऱ्यांना ती दिसत नाहीत, मग म्हणतात यंदा काहीच नाही.

शेवटचं : "खाता येईल का" हा प्रश्न या धाग्यावर नको. का ते पुढे कुणीतरी विचारेलच, तेव्हा सांगते.

---

रामटेकी

वाचनखूण साठवली. मनसरच्या टेकडीवरचे फोटो आहेत, पण सगळे वरून काढलेले. 😐 पुन्हा जावं लागणार.

---

सावजी_रस्सा

अबे पण खायचं कोणतं ते तर सांगा ना! अर्धा धागा वाचून झाला, भाजीचा पत्ताच नाही. आमच्या कॉलनीच्या लॉनवर या एवढाल्या पांढऱ्या छत्र्या निघून राहिल्या, ताटाएवढ्या. बाजूचे काका म्हणे किडे खातात म्हणजे माणसालाही चालते. मी म्हटलं थांबा, इथे विचारून घेतो.

---

सागपान

आलाच प्रश्न. बरं झालं थांबलात.

लॉनवरच्या ताटाएवढ्या पांढऱ्या छत्र्या, टोपीवर तपकिरी खपल्या, दांड्यावर सरकणारं कडं. हे वर्णन जुळत असेल तर ते क्लोरोफायलम मोलिब्डायटिस असण्याची शक्यता मोठी आहे. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि माणूस पार गळून जातो. त्याची खूण खालीच असते. कोवळं असताना पडदे पांढरे असतात, पिकल्यावर मळकट हिरवे होतात. खात्री करायची तर टोपी कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पडदे खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर सोडा. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला असेल. याचा ठसा हिरवट येतो. (कागद दोन रंगांचा अशासाठी, की पांढरा ठसा पांढऱ्यावर दिसत नाही.) हाताळून झालं की हात धुवा. नुसतं हात लावल्यानं विषबाधा होत नाही, पण तोच हात तोंडात जातो.

किडे खातात म्हणून चालतं, हळद किंवा लसूण घालून काळं पडलं नाही म्हणून चालतं, चांदीचा रुपया टाकून पाहिला म्हणून चालतं, या सगळ्या थापा आहेत. गोगलगाय जे निवांत खाते ते तुमचं यकृत घालवू शकतं. आणि सगळ्यात वाईट विषं लगेच कळतही नाहीत. ॲमाटॉक्सिन असलेलं भूछत्र पोटात गेलं तर पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एक दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात निभावलं. त्याच वेळात यकृत निकामी होत असतं. शिजवून हे विष जात नाही. कुणी खाल्लंच असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि उरलेला तुकडा किंवा फोटो सोबत न्यायचा.

फोटोवरून "खा" सांगणारा माणूस या धाग्यावर मला नको आहे. मीही सांगणार नाही.

---

सावजी_रस्सा

हौ. काकांना हे वाचून दाखवलं. ते म्हणे आमच्या वेळी असं काही नव्हतं. मी म्हटलं तुमच्या वेळी लॉनही नव्हतं.

वाटी ठेवली आहे पालथी. बायको विचारून राहिली वाटीखाली काय आहे.

---

देवलापारचा_पोऱ्या

ताई, तुमचं पटते, पण एक बाजू राहून गेली. आमच्याकडे सात्या खातात. पिढ्यान्‌पिढ्या. पाणी पडून दोन दिवस दमट उकाडा झाला का माय पहाटेच टोपली घेऊन निघते. तिनं कधी पुस्तक पाह्यलं नाही, कधी चूकही केली नाही. तर सगळंच विषारी म्हणून भेव दाखवणंही बरोबर नाही ना जी.

---

सागपान

भाऊ, तुमच्या आईला मी शिकवायला जाणार नाही, शिकायला येईन. आणि हा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

सात्या म्हणजे टर्मिटोमायसिस. ही बुरशी एकटी जगत नाही, वाळवी तिची शेती करते. वाळवीच्या एका गटाला लाकूड-पाचोळा नीट पचवता येत नाही. त्या वारुळात खोल खोल्या करून चावलेल्या पाचोळ्याचे स्पंजासारखे गड्डे रचतात आणि त्यावर ही बुरशी वाढवतात. बुरशी लाकडातला चिवट भाग मोडते आणि वाळवी ते खाते. ही भागीदारी आफ्रिकेत साधारण तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची, त्यामुळे ज्येष्ठतेचा मान कुणाला ते ठरवा.

पावसाळ्यात या भुयारी शेतातून बुरशी वर फळ धरते. म्हणूनच सात्याच्या दांड्याला खाली मुळासारखी लांब शेपटी असते, ती थेट त्या गड्ड्यापर्यंत जाते. हळूहळू माती उकरत गेलात तर कधी हातभर खालीही सापडते. टोपीच्या मधोमध भाल्यासारखं टोक असतं, ते माती फोडायला. सगळ्याच जाती मोठ्या नसतात. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस बोटाच्या पेराएवढी, पण शेकड्यानं एकाच जागी येते, जमीन पांढरी दिसते.

आता मुद्दा. तुमची आई सात्या ओळखते, पण त्याआधी ती जागा ओळखते. कोणतं वारूळ, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या पावसानंतर. तिचं ज्ञान त्या रानाला बांधलेलं आहे. तेच ज्ञान व्हॉट्सॲपच्या फोटोत घालून धंतोलीच्या लॉनवर नेलं की ते उरत नाही. मी नाही म्हणते ते या नेण्याला.

---

देवलापारचा_पोऱ्या

हे मायले वाचून दाखवतो. ते नक्षत्राचं बरोबर आहे. ती म्हणते एकदा निघालेल्या जागी पुढच्या सालीही निघते, म्हणून खालचं गड्ड्यापर्यंत खणत नाही, वरूनच मोडून घेते.

---

धरमपेठी

मला मूळ धाग्याबद्दलच शंका आहे. खालून फोटो काढायचा म्हणजे उपटायचं, नाहीतर दिसणार कसं? शंभर लोकांनी शंभर भूछत्रं उपटली की आपण निसर्गप्रेमी! फोटोसाठी पक्ष्याचं घरटं हलवणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, मग इथे वेगळा न्याय का?

---

सागपान

प्रश्न रास्त आहे. उत्तराचे दोन भाग.

पहिला भाग विज्ञानाचा. स्वित्झर्लंडमधल्या एका राखीव जंगलात १९७५ पासून २९ वर्षं हे मोजलं गेलं. काही तुकड्यांतली भूछत्रं नेमानं तोडली, काहींतली तशीच ठेवली. तोडल्यानं पुढच्या वर्षांचं पीक कमी झालं नाही, जातीही घटल्या नाहीत. जिथे माणसं चालत होती तिथे मात्र भूछत्रांची संख्या घटली. म्हणजे एक टोपी कापणाऱ्यापेक्षा एका टोपीभोवती गोल उभे राहून फोटो काढणारे दहा जण जास्त नुकसान करतात. तो अभ्यास युरोपातल्या जंगलातला, आपल्या रानात असा सोपा निष्कर्ष काढू नये हेही खरं. पण पायवाट सोडायची नाही आणि सगळ्यांनी एकाच जागी गर्दी करायची नाही, एवढं तर कळतं.

दुसरा भाग कायद्याचा आणि तिथे चर्चा नाही. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प यांतून काहीही तोडायचं नाही, उचलायचं नाही. पेंचचा गाभा तर पावसाळ्यात पर्यटनाला बंदच असतो. गोरेवाड्यातही फाटकावर विचारून, आखून दिलेल्या वाटेनंच. तिथे बिबट्या आहे, हे विसरून झुडपात गुडघे टेकू नका.

आणि उपटायची गरज बहुतेक वेळा नसतेच. पावडरच्या डबीतला छोटा आरसा खिशात ठेवा. टोपीखाली तिरका सरकवा आणि आरशाचा फोटो काढा. पडदे, कडं, सगळं दिसतं. दांड्याच्या बुडाशी पाचोळा असेल तर बोटानं बाजूला करा, फोटो घ्या, पुन्हा पसरून ठेवा. बोटाआधी काठी, हे सांगायला नको. पाचोळ्यात घोणस असते आणि खडकाळ जागी फुरसं.

---

धरमपेठी

आरशाची युक्ती आवडली. तोडण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण तुडवण्याचा मुद्दा मान्य. आमच्या ग्रुपमध्ये चाळीस जण असतात. चाळीस.

---

लेन्सवाला_बंड्या

कॅमेऱ्याचं कुणी लिहिणार का म्हणून वाट पाहत होतो. लिहितोच.

मोबाइलवाल्यांसाठी आधी. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरे असलेलं टोक जमिनीकडे येईल. लेन्स भूछत्राच्या उंचीला येते आणि आरशाविनाही टोपीखालचं थोडं दिसतं. फोनमधला मॅक्रो मोड बहुतेक वेळा रुंद लेन्सचा असतो, त्यासाठी तुम्हाला दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं आणि तुमचीच सावली पडते. त्यापेक्षा जरा मागे येऊन दुप्पट झूम लावा, किंवा क्लिपवाली मॅक्रो लेन्स घ्या. पांढरी टोपी टिपताना स्क्रीनवर बोट दाबून उजेड खाली ओढा. टोपी करपली, म्हणजे नुसतीच पांढरीफटक आली, तर तिच्यावरच्या खपल्या परत आणता येत नाहीत.

उजेड म्हणाल तर थेट फ्लॅश नको. एका बाजूनं छोटा टॉर्च, त्यावर बटर पेपर. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करा, सावल्या उजळतात. छत्री न्यायचीच, पावसासाठी आणि ऊन अडवण्यासाठी पण.

कॅमेरा असेल तर भूछत्र हा सगळ्यात गुणी विषय. ते पळत नाही. बीनबॅग किंवा बुटका ट्रायपॉड, आयएसओ कमीत कमी, दोन सेकंदांचा टायमर, शटर अर्ध्या सेकंदाचं ठेवलं तरी चालतं. वारा थांबला की दाबा. छिद्रमान (ॲपर्चर) आठ ते अकरा. त्यातही टोपीची पुढची कड आणि मागची कड दोन्ही स्पष्ट येत नाहीत, त्यासाठी फोकस पुढे सरकवत बरेच फोटो घेऊन नंतर जोडायचे. ऑलिम्पसच्या टफ मालिकेतले काही कॅमेरे हे आतल्या आत करतात आणि पावसात भिजले तरी चालतात. किडे-कोळी मात्र दुसरं गणित. तिथे फ्लॅश लागतोच, पण समोर मोठा डिफ्यूझर (उजेड पसरवणारा पडदा) लावून. नाहीतर कोळ्याच्या डोळ्यांत फ्लॅशचा ठिपका आणि बाकी अंधार.

अवांतर : भूछत्रं शोधायला जाणाऱ्याच्या लेन्सवरच बुरशी वाढते. खरंच वाढते, काचेवर जाळं धरते आणि वरचा लेप खाते. पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत कोंडून कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. आकडा ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स काढलीत तर धुकं धरणार, बॅग बंद ठेवूनच थोडा वेळ जाऊ द्या.

---

रामटेकी

+१. पण ते अर्ध्या सेकंदाचं शटर डासांना कळत नाही हो.

---

शाळेतल्या_बाई

आमच्या शाळेच्या बागेत कुंड्यांजवळच्या लाकडाच्या भुश्यावर सकाळी पिवळाधमक फेस दिसला. मुलं म्हणाली कुणीतरी ओकलंय. दुसऱ्या दिवशी तो फेस वीतभर पुढे सरकलेला आणि कडा तपकिरी. बुरशी चालते का? फोटो खालून काढता येईना, खाली काही नव्हतंच.

---

सागपान

बाई, तुमच्या मुलांना पोटभर शाबासकी, कारण इंग्रजीतलं त्याचं बोलीनाव तसंच काहीसं आहे. फुलिगो सेप्टिका असावा. ही बुरशी नाही. श्लेष्मकवक म्हणतात, नावात कवक असलं तरी बुरश्यांच्या घराण्यातली नाही, अमीबाच्या बाजूची. हा सगळा पिवळा पसारा एकच पेशी, आत असंख्य केंद्रकं. सरपटत जिवाणू गिळत जाते. मग जागा कोरडी-उजेडाची मिळाली की थांबते आणि भुकटी होते, म्हणून कडा तपकिरी. निरुपद्रवी आहे, फक्त ती भुकटी मुलांनी फुंकू नये.

हिच्या नात्यातल्या फायसारमवर २०१० साली जपानी संशोधकांनी केलेला प्रयोग वर्गात सांगा. टोकियोभोवतालच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवले आणि मधोमध फायसारम सोडलं. त्यानं दाण्यांना जोडणारं जे जाळं विणलं ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी बरंच जुळलं, काटकसरीतही आणि एक वाट तुटली तर दुसरी ठेवण्यातही. मेंदू नसताना.

फोटो काढायचा असेल तर एकाच जागेवरून, शेजारी पट्टी ठेवून, तासातासाला एक. मुलांना काम द्या.

---

सावजी_रस्सा

म्हणजे आपल्या मेट्रोच्या आखणीलाही तोच लावला असता तर? सल्लागाराचे पैसे वाचले असते.

आणि हो : वाटी उघडली. कागदावर हिरवट ठसा! काका गप्प आहेत.

---

आठपायी

भूछत्रांनी धागा व्यापला, बारक्या जीवांचं कुणी बोलत नाही, म्हणून आलो. दोन्ही वेगळे विषय नाहीतच. टोपीखाली आरसा घातलात की पडद्यांच्या फटीत काय चाललंय ते बघा. टाचणीच्या डोक्याएवढे स्प्रिंगटेल नावाचे बिनपंखी जीव टुणकन उडतात. चकचकीत भुंगेरे, बुरशी खाणारे, काहींच्या पाठीवर नारिंगी ठिपके. बारीक माश्यांच्या अळ्या दांड्याला आतून पोखरतात. बिनशंखाची गोगलगाय कड कुरतडते. आणि या सगळ्यांची वाट बघत एखादा उडी मारणारा कोळी टोपीवर बसलेला. एका जुन्या ओंडक्याजवळ अर्धा तास बसलात तर दोन किलोमीटर चालण्याहून जास्त दिसतं. चालण्याचा व्यायाम करायचा असेल तर ट्रॅफिक पार्क आहे.

आत्ता मिरगाचे किडे दिसतात का कुणाला? लाल मखमली, गवतात चालणारे. पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस वर असतात. तो किडा नाही, आठ पायांचा आहे, कोळ्यांच्या नात्यातला. पिल्लं नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून जगतात, मोठे झाल्यावर मातीत कीटकांची अंडी आणि वाळवी खातात. गावात पोरं काडेपेटीत भरतात, आणि औषधी तेल म्हणून विकायला गोळाही करतात. फोटो काढायचा तर पोटावर आडवं व्हा. वरून काढला तर लाल डाग येतो, बाजूनं काढला तर मखमलीचा एकेक केस.

येत्या काही आठवड्यांत जाळ्यात मधोमध इंग्रजी एक्ससारखी पांढरी नक्षी काढून बसलेली आर्जिओपी कोळीण दिसेल. ती मोठी बसलेली दिसली की जाळ्याच्या कडेला बघा, तिच्यापेक्षा कितीतरी बारका नर असतो. फोटोत तो कायम सुटतो.

रात्री पावसात जायची तयारी असेल तर बेडूक. बुलफ्रॉगचे नर पहिल्या मोठ्या पावसात हळदीच्या रंगाचे होतात, ते शेताच्या डबक्यात लांबूनही दिसतात. मायक्रोहायला मात्र दीड-दोन सेंटिमीटरचा, आवाज त्याच्या दसपट. आवाजाकडे टॉर्च लावून सापडत नाही. दोघांनी दोन बाजूंनी आवाजाकडे बोट दाखवायचं, बोटं जुळतात तिथे बघायचं. हाताला ओडोमॉस, सनस्क्रीन असलं काही लावलं असेल तर बेडकाला हात लावायचा नाही, त्याची कातडी सगळं शोषून घेते. खरं तर तसाही लावायचा नाही.

---

नवखी_पाखरू

मी इथे नवीन. जागा कितपत सांगायची? आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदींचं संकेतस्थळ) टाकलं तर नकाशावर नेमका ठिपका दिसतो. एका सात्याच्या वारुळाचा फोटो टाकला होता, पुढच्या रविवारी तिथे चार गाड्या उभ्या.

---

आठपायी

नोंद टाकताना जागा धूसर करायची सोय आहे, ती वापरा. धोक्यात असलेल्या जातींची जागा ते आपोआप धूसर करतात, सात्या त्यात येणार नाही. शास्त्राला नेमकी जागा हवी असते, ती नोंदीच्या आत राहते. दिसते फक्त मोठ्या चौकटीत. इथे लिहिताना "रामटेक तालुका" पुरे. ती वारुळं ज्यांची आहेत, म्हणजे देवलापारच्या भाऊंची माय वगैरे, त्यांच्या तोंडची भाजी जायला नको.

आणि नावासाठी अडून बसू नका. "पॉलिपोरेसी कुळातलं काहीतरी, कुजक्या सागावर" असं टाकलं तरी चालतं. जगात बुरशीच्या दीड लाखांच्या आसपास जातींची नोंद झाली आहे, आणि असतील बावीस ते अडतीस लाख असा २०१७ चा अंदाज आहे. आपल्याला नाव मिळत नाही तेव्हा बऱ्याचदा ते अजून कुणी ठेवलेलंच नसतं.

---

नवखी_पाखरू

मग हे घ्या. सेमिनरी हिल्स. वाटेच्या कडेला पडलेली बारीक काटकी, झाड माहीत नाही, सालीचा फोटो तिसरा. पाच-सात मिलिमीटरच्या वाट्या, आत चपटे राखाडी दाणे. पहिला फोटो वरून, दुसरा बाजूनं, शेजारी रुपया. खालून काढायला काटकी उचलली, पण वाटी लाकडाला घट्ट आहे.

---

सागपान

असा फोटो असला की कसं बरं वाटतं! सायथस, घरटी-बुरशी. इथे वरचाच फोटो कामाचा, कारण सगळा कारभार वाटीत. ते दाणे म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. पावसाचा थेंब वाटीत नेमका पडला की उडणाऱ्या पाण्याबरोबर पुडी मीटरभर लांब फेकली जाते, तिला शेपूट असतं, ते गवताच्या काडीला गुंडाळतं. वाटीच्या बाहेरच्या बाजूला केस आणि आतल्या बाजूला उभ्या रेघा आहेत का तेवढं भिंगातून बघून सांगा, जात तिथून ठरते. बंड्या, ड्रॉपरनं वरून थेंब टाकून स्लो मोशन काढता येईल का?

---

लेन्सवाला_बंड्या

येईल. थेंब निदान हातभर उंचीवरून पडायला हवा, नाहीतर वेग येत नाही. सेकंदाला २४० चौकटी, मागे काळा कागद, बाजूनं टॉर्च. काटकी तिथेच राहू द्या, ट्रायपॉड मी आणतो.

---

धरमपेठी

पाऊस संपल्यावर काय? ऑक्टोबरनंतर हा धागा झोपणार का?

---

सागपान

नाही हो. लाकडावरच्या कडक बुरश्या बारा महिने असतात. शेंदरी-लाल पायक्नोपोरस तर वाळल्या जंगलातच उठून दिसतो. दगडाच्या तोंडावरची दगडफुलं बघा, बुरशी आणि शैवाल मिळून एक जीव. आणि शहरात बघायचं तर रस्त्यावरची जुनी झाडं. बुंध्याशी तपकिरी, वरून लाखेसारखं चकाकणारं, खालून पांढरं फळकूट आलंय का? आजूबाजूला कोको पावडर सांडल्यासारखी भुकटी? तो गॅनोडर्मा.

---

सावजी_रस्सा

थांबा थांबा. हे आमच्या गेटसमोरच्या गुलमोहराला आहे. फोटो टाकतो, आरसा लावून खालूनपण काढला. खाली पांढरं, नखानं ओढलं तिथे तपकिरी रेघ उमटली. गाडीच्या टपावर रोज सकाळी तीच भुकटी असते, मी धुऊन धुऊन परेशान.

---

सागपान

गॅनोडर्माच. जात फोटोवरून सांगणार नाही. पण ही बुरशी मुळं आणि बुंध्याचं आतलं लाकूड कुजवते, गुलमोहराला तर हमखास. झाड वरून हिरवं दिसतं आणि वादळात मुळासकट आडवं होतं. फळकूट तोडून उपयोग नाही, जाळं आत आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाला फोटोंसह लेखी कळवा, कुणाकडून तरी बुंध्याची तपासणी करवून घ्या, फांद्यांचा भार कमी करायचा की आणखी काही ते त्यानंतर ठरेल. आणि गाडी तिथे लावू नका.

---

सावजी_रस्सा

गाडी हलवली. आता तिथे काकांनी लावली आहे. सांगून आलो, ऐकून नाही राहिले.